कुत्र्याचे पिसवांचे ड्रॉप्स सशाला अर्धे करून लावावेत का?

पत्र: नमस्कार. आमच्याकडे दोन ससे आहेत, चिंगी आणि ढब्बू. दोघंही घरात मोकळे फिरतात. एक कुत्राही आहे. मागच्या महिन्यात त्याला पिसवा झाल्या आणि तेव्हापासून दोन्ही ससे अंग खाजवताना दिसतात. ढब्बूच्या पाठीवर, शेपटीच्या जरा वर, जाड कोंडा धरलाय. (तो अंगानंही बराच सुटलाय.) चिंगीच्या लेंड्यांवर परवा बारीक पांढरे दोऱ्यासारखे किडे दिसले. माझ्या हातांवर कोपराच्या आतल्या बाजूला लाल पुरळ उठलंय, त्याचा याच्याशी संबंध आहे का माहीत नाही. कुत्र्यासाठी आणलेले मानेवर टाकायचे ड्रॉप्स अर्धे करून सशांना लावू का? आंघोळ घालू का? कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध देतो, तसं यांनाही सुरू करू का? जो तो वेगळं सांगतो. – दोन सशांची गोंधळलेली आई

नमस्कार,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं वाचून होईपर्यंत तुमचा हात त्या ट्यूबकडे जायला नको. नाही. अर्धे नाहीत, पाव नाहीत, एक थेंबसुद्धा नाही.

त्या ट्यूबवर बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. तिथे 'फिप्रोनिल' हा शब्द दिसला तर ती ट्यूब सशांच्या आसपाससुद्धा ठेवू नका. फ्रंटलाइन या नावानं मिळणाऱ्या औषधात हेच असतं. कुत्र्या-मांजरांवर ते वर्षानुवर्षं वापरलं जातं, त्यामुळे लोकांना वाटतं की जनावर लहान, तर डोस लहान, झालं. सशाचं तसं नसतं. फिप्रोनिल पिसूच्या मज्जासंस्थेवर घाला घालतं, आणि सशाच्या बाबतीत ते त्याच्याही मज्जासंस्थेला सोडत नाही. ससा गप्प बसू लागतो, खाणं टाकतो, मग झटके येतात आणि बऱ्याचदा त्यातच तो दगावतो. पिल्लं आणि लहान चणीचे ससे तर जास्तच. हे सगळं लगेच होतं असंही नाही. काही वेळा मधे काही दिवस जातात आणि तोवर घरचे 'मानवलं की औषध' म्हणून निर्धास्त झालेले असतात. सशांवर वापरू नका, हे वेष्टनाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, पण ती घडी उलगडून वाचतो कोण?

दुसरा घोटाळा नावांचा. अ‍ॅडव्हांटेज आणि अ‍ॅडव्हांटिक्स ही दोन नावं घाईत एकच वाटतात. मूळ अ‍ॅडव्हांटेजमध्ये इमिडाक्लोप्रिड असतं, आणि पिसवा झालेल्या सशाला पशुवैद्य ते देतात. अ‍ॅडव्हांटिक्स कुत्र्यांसाठी आहे. त्यात इमिडाक्लोप्रिडच्या जोडीला भरपूर पर्मेथ्रिन असतं, ते सशावर घालायचं नाही. म्हणून खोक्यावरच्या मोठ्या नावावर जाऊ नका, घटक वाचा, आणि वाचून झाल्यावरही डोस स्वतः ठरवू नका. सशाचा डोस किलोच्या हिशोबानं बसवतात. काही औषधं सशाच्या शरीरातून मांजरापेक्षा लवकर निघून जातात, त्यामुळे त्याला कधी वजनाच्या मानानं जास्त औषध लागतं तर कधी कमी अंतरानं. म्हणजे 'अर्धं करून' हा अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतो. चुकीचं औषध अर्धं केलं तरी घातक, आणि बरोबर औषध अर्धं केलं तर निरुपयोगी.

पिसवांचा पट्टाही नको. ससा तो कुरतडतो, नाहीतर जोडीदार कुरतडतो. पावडर नको, कारण ससा फक्त नाकानं श्वास घेतो आणि अंगावर शिंपडलेली भुकटी चाटताना सरळ आत जाते. सुगंधी तेलं, टी ट्री ऑइल, खाण्यातून लसूण, पिंजऱ्याखाली डांबराच्या गोळ्या, यातलं काहीही नको. 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' असं सांगणाऱ्यांनी ससा अंगावरचं सगळं चाटून पोटात घेतो हे लक्षात घेतलेलं नसतं. लसूण तर सशाच्या तांबड्या रक्तपेशीच फोडतो.

तुम्ही अजून काही लावलेलं नाही, हे उत्तम. पण हे वाचणाऱ्यांपैकी कुणी आधीच लावून बसलं असेल तर झटके येण्याची वाट बघू नका. जोडीदाराला वेगळं करा म्हणजे तो चाटणार नाही, ट्यूब हातात घ्या आणि तडक पशुवैद्यांना फोन करा. औषध धुऊन काढायचं का आणि कसं, हे त्यांनाच विचारा. ससा ओला करणं हीच मुळात जोखीम आहे.

त्यातच तुमच्या आंघोळीच्या प्रश्नाचं उत्तर आलं. निरोगी सशाला आंघोळ लागत नाही, आणि पिसवांवर तर ती उपायच नाही. दाट केस कातडीपर्यंत भिजले की वाळायला फार वेळ लागतो, अंग गार पडतं आणि घाबरलेला ससा धक्क्यानं कोसळू शकतो. त्याचे मागचे पाय ताकदवान असतात आणि हाडं हलकी. तुमच्या हातातून सुटायला त्यानं जोरात लाथ झाडली तर त्याच्याच पाठीचा कणा मोडू शकतो. पिसवा मारायच्या नादात कणा मोडून घ्यायचा, हा सौदा कुणीही करू नये.

आता ढब्बूकडे वळू. पत्र वाचताना मी थांबले ती तुमच्या कोपराशी. सशाच्या पाठीवर जाड कोंडा आणि त्याला उचलून घेणाऱ्या माणसाच्या हातावर खाज येणारं लाल पुरळ, ही जोडी पशुवैद्यांच्या चांगल्या ओळखीची आहे. शायलेटिएला नावाचा एक माइट, म्हणजे कातडीवर राहणारा बारीक किडा असतो, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. तो कातडीत बिळं करत नाही, वरच्या मेलेल्या थरावर राहतो आणि कोंड्याचे पापुद्रे घेऊन सरकतो, म्हणून कोंडाच चालल्यासारखा दिसतो. खांद्यांच्या मध्ये आणि शेपटीच्या मुळाशी तो हमखास असतो. माणसाच्या अंगावर तो वस्ती करत नाही, पण चावा घेऊन जातो, तोही नेमका जिथे ससा टेकवून धरलेला असतो तिथे: कोपराच्या आत, पोटावर, छातीवर.

घरी एक गोष्ट करून बघा. दिवसाउजेडी ढब्बूला गडद रंगाच्या कागदावर बसवा आणि कोंडा असलेल्या जागी बारीक दातांचा कंगवा केसांच्या मुळाशी हलका फिरवा. कागदावर पडलेला कोंडा लगेच झटकू नका, भिंग घेऊन मिनिटभर नुसतं बघत राहा. एखादा पांढरा कण आपण होऊन जागा सोडतोय असं दिसलं, तर समजा. मग सेलोटेपचा तुकडा त्याच जागी कातडीवर दाबून उचला, स्वच्छ काचेवर किंवा पारदर्शक प्लॅस्टिकवर चिकटवा आणि पशुवैद्यांकडे न्या. सूक्ष्मदर्शकाखाली दोन मिनिटांत निकाल लागतो. काहीच हललं नाही म्हणून माइट नाहीत असं मात्र धरू नका. ससा स्वतःला इतका चाटतो की बरेच माइट त्याच्याच पोटात गेलेले असतात.

त्याच कागदावर पिसवांचीही परीक्षा होते. कंगव्यातून काळे, मिरीच्या भुकटीसारखे कण पडले तर ओल्या कापसावर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नुसती धूळ असेल तर रंग सुटणार नाही.

औषध काय? शायलेटिएलावर पशुवैद्य बहुधा सेलामेक्टिनचे मानेवर टाकायचे थेंब किंवा आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देतात, आणि ते काही दिवसांच्या अंतरानं परत द्यावं लागतं. आयव्हरमेक्टिन साधारण १० ते १४ दिवसांनी देतात. या औषधांनी किडे मरतात, अंडी नाही, म्हणून नंतर फुटलेल्या पिल्लांसाठी पुढचा डोस. पहिल्या डोसानं खाज थांबली की लोक दुसऱ्याला येत नाहीत आणि महिन्याभरानं तोच ससा तोच कोंडा घेऊन परत येतो. चिंगीला कोंडा नसला तरी तिलाही त्याच दिवशी औषध द्यायचं. अंथरूण, चटया, ते ज्या कोपऱ्यात लवंडतात तिथली कापडं गरम पाण्यातून काढा. हा माइट सशाशिवायही काही दिवस तग धरतो. ढब्बू बरा होत आला की तुमचं पुरळही बहुतेक आपोआप जाईल. नाही गेलं तर त्वचेच्या डॉक्टरांना भेटा आणि घरात ससे आहेत हे न विसरता सांगा, नाहीतर ते वेगळ्याच दिशेनं शोध घेत बसतील.

मात्र माझ्या मते ढब्बूचा खरा प्रश्न माइटच्या आधीचा आहे. शायलेटिएला कितीतरी निरोगी सशांच्या अंगावर थोडा असतो. ससा रोज अंग चाटून-पुसून त्याला आटोक्यात ठेवतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. दोघं एकाच घरात, एकाच अंथरुणावर, आणि कोंडा फक्त ढब्बूला, असं का? तुम्ही कंसात लिहिलंय ते कंसाबाहेर काढायला हवं: तो अंगानं सुटलाय. जाड सशाचं तोंड शेपटीच्या मुळाशी पोचत नाही. दाढा वाढून गालाला किंवा जिभेला टोचत असतील तर त्याला चाटवत नाही. पाठीचे-पायाचे सांधे दुखत असतील तर वळवत नाही. म्हणून पशुवैद्यांकडे गेल्यावर 'कोंड्याचं औषध द्या' एवढ्यावर थांबू नका. तोंड उघडून मागच्या दाढा बघायला सांगा आणि वजन करून घ्या. खाण्यात मुख्य भाग वाळल्या गवताचा किंवा ताज्या गवताचा हवा, सशांच्या खाद्याच्या गोळ्या मोजून. याकडे दुर्लक्ष केलं तर औषधानं आजचा कोंडा जाईल आणि काही महिन्यांनी पुन्हा येईल.

पिसवा निघाल्याच, तर त्या बहुतेक तुमच्या कुत्र्याच्याच असतील. घरातल्या सशांवर सापडणारी पिसू सहसा कुत्र्या-मांजरांवरचीच असते. सशांची म्हणून एक वेगळी पिसू आहे, ती कानाच्या कडांना चिकटून बसते आणि काही देशांत मिक्सोमॅटोसिस हा सशांचा जीवघेणा रोग पसरवते. पिसवांच्या बाबतीत पहिला रोगी सशांना नाही, कुत्र्याला धरा. त्याचा उपचार पशुवैद्यांच्या सल्ल्यानं पूर्ण आणि वेळच्या वेळी करा. त्याला ड्रॉप्स लावले की ते पूर्ण वाळेपर्यंत, शक्यतो दिवसभर, सशांपासून लांब ठेवा. आपल्या कुत्र्याचं डोकं प्रेमानं चाटणारे ससे असतात, हे सशाच्या घरात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

आणि मग घर. अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे एकूण वस्तीचा फार थोडा भाग, ५ टक्क्यांच्या आसपास. बाकी सगळा संसार अंडी, अळ्या आणि कोशांच्या रूपात चटईच्या धाग्यांत, सोफ्याच्या सांध्यांत, फरशीच्या फटींत असतो. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते आणि ती अंडी अंगाला चिकटून राहत नाहीत, घरंगळून खाली पडतात. कोशातली पिसू महिनोन् महिने दबून बसते आणि कुणी चालल्याचा हादरा किंवा अंगाची ऊब जाणवली की बाहेर येते. म्हणून औषध लावल्यावरही काही आठवडे नव्या पिसवा दिसत राहतात, त्यावरून औषध बिघडलं असं ठरवू नका. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर रोज फिरवा आणि त्यातला कचरा लगेच घराबाहेर टाका. नसेल तर चटया उन्हात झोडपा आणि फटी ओल्या फडक्यानं पुसा. धुता येईल ते सगळं ६० अंशांच्या पाण्यात धुवा. घरभर कीटकनाशक फवारायचंच असेल तर ससे त्या घरात नकोत. फवारा वाळून, खिडक्या उघडून, सशांचं खाणं-पाणी आणि खालची फरशी धुऊन झाल्यावरच त्यांना आत घ्या. सशांवर इमिडाक्लोप्रिड दिलं तरी त्याचा असर आठवडाभराच्या पुढे फारसा धरू नका.

कानांकडे बघितलंत का? पत्रात उल्लेख नाही म्हणून विचारते. ससा डोकं झटकत असेल, मागच्या पायानं कान ओरबाडत असेल, तर टॉर्च धरून आत बघा. कानातल्या माइटनं आत तपकिरी खपल्यांचे थरच्या थर बसतात आणि कुबट वास येतो. त्या खपल्या खरवडून काढायचा मोह टाळा. खालची कातडी सोललेली असते आणि ते अतोनात दुखतं. औषध सुरू झालं की आठवडा-दीड आठवड्यात खपल्या सुकून आपोआप गळतात. खपल्या नाक, ओठ, पापण्या आणि पंजांवर दिसल्या तर ती खरूज, सार्कोप्टिस माइटची. ती माणसालाही खाज देते, तेव्हा त्या सशाला हातमोजे घालूनच हाताळा आणि लवकर दाखवा. गोचीड दिसला तर चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ ओढून काढा, तेल किंवा काडीचा चटका नको. उवा क्वचितच होतात.

आता चिंगीचे पांढरे दोरे. ५ ते १० मिलिमीटर लांब, बारीक, टोकदार आणि ताज्या लेंडीवर वळवळणारे असतील तर तो पासालुरस, सशांचा पिनवर्म. तो फक्त सशांचा. तुम्हाला, मुलांना, कुत्र्याला त्याची बाधा होत नाही, आणि माणसांच्या मुलांना होणारे बारीक कृमी वेगळे. मोठ्या आतड्यात आणि त्याच्या सुरुवातीच्या पिशवीत (सीकम) तो राहतो आणि बहुतेक सशांना काही म्हणता काही होत नाही. फार झाले तर शेपटीखाली खाज, केस विस्कटलेले, पिल्लांची वाढ जरा मागे. औषध द्यायचंच असेल तर पशुवैद्य फेनबेंडाझोल देतात आणि पुन्हा एकदा देतात. पुन्हा देण्यामागे इथे आणखी एक कारण आहे. ससा दोन तऱ्हेची विष्ठा करतो: एक कोरड्या गोल लेंड्या आणि दुसरी मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या घोसासारखी. ही मऊ विष्ठा तो थेट गुदाशी तोंड नेऊन खातो, आणि ती खाणं त्याला गरजेचंच आहे. त्यातूनच कृमींची अंडी परत पोटात जातात. तेव्हा ते खाताना त्याला हटकू नका. त्याऐवजी कोरड्या लेंड्या रोज उचला.

दर तीन महिन्यांनी जंताचं औषध हे कुत्र्याचं वेळापत्रक आहे. कुत्रा रस्त्यावरचं हुंगतो, कच्चं काही तोंडात घालतो, पिसवा गिळतो. घरातला ससा गवत खातो. त्याला लक्षण नसताना, लेंड्या तपासल्या नसताना, कॅलेंडर बघून जंताचं औषध देण्याची सहसा गरज नसते. फेनबेंडाझोल हे तसं सुरक्षित औषध, पण चुकीच्या डोसात किंवा फार दिवस दिलं तर अस्थिमज्जेवर परिणाम होऊ शकतो. मला विचाराल तर वर्षातून एकदा ताज्या लेंड्या तपासून घ्याव्यात आणि काही सापडलं तरच औषध द्यावं. जंताचं औषध कुत्र्याला मात्र वेळेवर द्या, आणि त्याला पिसवा झाल्या होत्या तर या वेळी आवर्जून. कुत्र्यांच्या एका टेपवर्मच्या (पट्टीसारख्या लांब जंताच्या) अळ्या सशाच्या पोटात पाण्याच्या बुडबुड्यांसारख्या गाठी करून राहतात. कुत्र्याच्या शीतली अंडी गवताला लागतात आणि ते गवत ससा खातो. गवत खुडून आणत असाल तर कुत्रे फिरतात तिथलं आणू नका.

एक गोष्ट औषधाच्या नावामुळे गोंधळात टाकते, ती सांगून टाकते. तेच फेनबेंडाझोल एन्सेफालिटोझून क्युनिक्युली या परजीवीवरही देतात. हा जंत नव्हे, अतिसूक्ष्म एकपेशीय जीव. सशाच्या लघवीतून त्याचे बीजाणू पसरतात, आईकडून पिल्लांनाही जातात. पुष्कळ ससे तो बाळगून आयुष्यभर ठणठणीत राहतात. काहींची मान मात्र एके दिवशी वाकडी होते, मागचे पाय लुळे पडतात किंवा डोळ्यात पांढरं येतं. अशा वेळी २८ दिवसांचा कोर्स असतो. नवा ससा घरात आणताना काही पशुवैद्य छोटा कोर्स सुचवतात, आणि 'सशालाही नेहमी जंताचं औषध देतात' ही ऐकीव माहिती बहुधा तिथूनच येते. घरात कुणाची प्रतिकारशक्ती फार कमी असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर सशांची लघवी त्यांनी साफ करू नये.

पिल्लं घेण्याचा विचार असेल तर कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीबद्दल विचारून ठेवा. दूध सुटताना याच्या जुलाबानं पिल्लं झपाट्यानं जातात, दिवस-दिवस थांबायला वेळ नसतो. तुमच्या मोठ्या सशांना त्याची तितकी भीती नाही. पिंजरा रोज साफ करण्यामागे मात्र इथेही कारण आहे: लेंडीतून पडलेली त्याची अंडी बाधायला आधी पिकावी लागतात, त्याला एखाद-दोन दिवस लागतात. त्याआधी लेंड्या उचलल्या की साखळी तुटली. नेहमीच्या जंतुनाशकाला ही अंडी दाद देत नाहीत, उकळतं पाणी किंवा वाफ लागते.

तुम्ही जे विचारलंच नाही त्याची मला सगळ्यात जास्त काळजी आहे, आणि तीही ढब्बूचीच. माश्या. हिरवट चकाकणारी माशी दिसते ना, ती ओल्या, घाणेरड्या केसांच्या वासावर येते आणि शेपटीखाली अंडी घालते. काही तासांत, फार तर दिवसाभरात अळ्या बाहेर पडतात आणि जिवंत सशाचं मांस खाऊ लागतात. सकाळी उड्या मारणारा ससा दुसऱ्या दिवशी मरणाच्या दारात असतो. जाड सशाला मागचं साफ करता येत नाही, ती मऊ विष्ठा त्याच्या तोंडापर्यंत पोचत नाही, ती केसांना चिकटते आणि माशीचं आयतंच फावतं. घरात राहतो म्हणून तो सुरक्षित, असं नाही. एक माशी खिडकीतून आली की पुरे.

म्हणून उकाड्याच्या दिवसांत दिवसातून दोनदा शेपटी उचलून बघायचं, बाकी दिवसांत एकदा. त्यासाठी त्याला पाठीवर उताणं झोपवू नका. उताणा ससा शांत पडतो तो भीतीनं, आवडतं म्हणून नाही. खाली जमिनीवर बसा, त्याची पाठ तुमच्या पोटाला टेकू द्या, एक हात छातीखाली, आणि ढुंगण तुमच्या मांडीवर टेकवून पुढचं अंग हलकं उचला. दुसऱ्या हातानं केस बाजूला करा. कातडी कोरडी आणि फिकट हवी. जननेंद्रियाच्या दोन्ही बाजूंच्या घड्यांत काळपट मेण दिसलं तर घाबरू नका, ती वासाच्या ग्रंथींची नेहमीची घाण आहे. चिकटलेली विष्ठा असेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं तेवढीच जागा पुसा आणि लगेच कोरडी करा. गुंता झालेले केस कात्रीनं कापू नका. सशाची कातडी फार पातळ असते, केसांबरोबर सहज कापली जाते. ते काम दवाखान्यातल्या मशिनवर सोडा.

केसांच्या मुळाशी तांदळाच्या बारीक कण्यांसारखी पांढरट अंडी चिकटलेली दिसली किंवा एकही अळी दिसली, तर मध्यरात्र असली तरी निघायचं. दिसतील त्या अळ्या चिमट्यानं काढा, पण सगळ्या निघेपर्यंत बसून राहू नका, आत शिरलेल्या तुम्हाला दिसणार नाहीत. ससा भिजवू नका, टॉवेलमध्ये उबदार ठेवा, वाटेत फोन करून कळवा. ढब्बूसारख्या सशांसाठी सायरोमाझिन नावाचं मागच्या अंगाला लावायचं प्रतिबंधक औषध असतं. त्यानं अळ्या वाढत नाहीत, आणि एकदा लावलं की ८ ते १० आठवडे टिकतं. तुमच्या पशुवैद्यांकडे मिळतं का विचारा.

दाखवायला जाताना दोघांनाही एकाच पेटीत न्या. एकट्याला नेलं तर तो घाबरतो, आणि परत आल्यावर दवाखान्याच्या वासामुळे दुसरा त्याला ओळख देत नाही, कधीकधी मारामारीही होते. सेलोटेपचा तो तुकडा, चिंगीच्या सकाळच्या ताज्या लेंड्या झाकणाच्या डब्यात, कुत्र्याच्या ड्रॉप्सचं खोकं आणि तुमच्या हातावरच्या पुरळाचा फोटो बरोबर घ्या. डॉक्टर नेहमी ससे बघतात का, हे फोनवरच विचारा. अमॉक्सिसिलिनसारखी काही अँटिबायोटिक तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरून तो दगावू शकतो, आणि हे फक्त कुत्री-मांजरं बघणाऱ्याच्या चटकन लक्षात येईल असं नाही. उपाशी मात्र नेऊ नका. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे तपासणीआधी पोट रिकामं ठेवायचं कारण नाही. उलट, काही तास खाणं थांबलं की त्याचं आतडं मंदावू लागतं. पेटीत मूठभर वाळलं गवत घाला, आणि घरी आल्यावर दोघंही रात्रीपर्यंत खायला लागले नाहीत तर डॉक्टरांना परत फोन करा.